एक थांबा आधी उतरलेली बाई

जोतीरामाच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू साताऱ्यात निघाला आणि कवठीवाडीच्या बायका एसटीतून एक थांबा आधी उतरल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं परका माणूस विचारील. गावाला विचाराल तर गाव म्हणेल, सगळं त्या डोळ्यानं केलं.

डोळा बिचारा काय करणार! इतकी वर्षं तो सायीखाली निजलेला होता.

जोतीराम तासगावकडच्या या कवठीवाडीचाच माणूस. बेताची द्राक्षबाग, माळावर बेदाण्याचं शेड, दारात एक गाय आणि गळ्यात आवाज. आवाज बापाकडून आलेला. उसाच्या रसात आलं पिळावं तसा गोड आणि जरासा झोंबणारा. श्रावण लागला की दिवेलागणीनंतर मारुतीच्या देवळात पोथी लागायची, आणि पोथीच्या पाटावर जोतीरामाशिवाय दुसरं कुणी बसावं असं गावाच्या मनातसुद्धा येत नसे. बाया एका अंगाला वाती वळत बसायच्या, बाप्ये खांबांना पाठ लावून. बागेला औषध मारून दमलेली माणसं त्या आवाजाच्या झुल्यावर बसायची आणि झुलता झुलता पेंगायची. त्या पेंगण्यातही पुण्य आहे, असं नाथाजी आबांचं मत होतं. आबा देवळाचे पंच, आणि सगळ्यांत आधी पेंगायचा मानही त्यांचाच.

पोथी ऐकायची रीत अशी, की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. जोतीराम ओवी म्हणून थांबला की केरबा घसा खाकरायचा. केरबा माजी हवालदार, जोतीरामाचा लंगोटीयार. मिशा अजून परेडला उभ्या असल्यासारख्या.

"मतलब काय?" असं म्हणून केरबा सुरू व्हायचा. आणि मतलब बहुतेक एकाच गावाला जाऊन थांबायचा. देव वनात गेले, मतलब काय, तर हुकूम आला की निघायचं, ड्यूटी सोडायची न्हाई. राक्षसानं गाय पळवली, मतलब काय, तर दुसऱ्याची पाण्याची पाळी पळवू नये, आणि हे कुणाला म्हणतोय ते त्याला बरोबर कळलंय. ज्याला कळायचं तो पाटकरी, गावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा, खांबाआड सरकायचा. एकूण मंडळी खूश होती.

कुणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की जोतीराम पोथी वाचतच नव्हता. डावा डोळा आधीपासूनच अधू, आणि उजव्यातली अक्षरं केव्हाच दुधात बुडाली होती. तो पाठ म्हणायचा, आणि अंदाजानं पान उलटायचा. एकदा अंदाज चुकून पोथी उलटी धरली गेली होती. तरी केरबानं अर्थ बरोबर सांगितला.

मग मुलानं, अवधूतनं, त्याला साताऱ्याला नेलं. डोळा झाला. डॉक्टरांनी बजावलं: वाकायचं नाही, धूर नको, धूळ नको, पाणी नको. जोतीरामाला येत होती ती सगळी कामं या यादीत संपली. पट्टी निघाली त्या दिवशी पोवई नाक्यावरच्या पाट्या त्यानं लहान पोरासारख्या मोठ्यानं वाचल्या. साबणाच्या वडीवरचं नाव वाचलं. गॅसच्या टाकीवरची सूचना वाचली. वाचायचं घरात काही उरलं नाही, तेव्हा सुनेच्या कपाटापुढं जाऊन उभा राहिला.

सून अश्लेषा सांगलीची, साताऱ्यात कॉलेजात शिकवणारी. तिचं कपाट म्हणजे मोहोळ होतं. कुठल्या पुस्तकात मध आणि कुठल्यात नांगी, वरून कळायचं नाही.

पहिलं पुस्तक त्यानं काढलं ते पातळ म्हणून. कुणा परदेशी विचारवंताचं, मराठीत आणलेलं, कव्हर गेलेलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: 'जे तुझं मत म्हणून तू मिरवतोस, ते आलं कुठून? देणाऱ्याचं नाव सांग. सांगता आलं, तर ते त्याचं. नाही आलं, तर तू ते चोरलंस.'

जोतीरामानं पुस्तक मिटलं. असलं कुणी त्याला तोंडावर बोललं असतं तर त्यानं पायताण काढलं असतं. पण पुस्तकाला पायताण दाखवून काय होणार. मग गच्चीत बसून, समोर अजिंक्यताऱ्यावर ढग उतरत असताना, तो आपली मतं तपासू लागला. विट्याची माणसं पैशाला चिकट, हे मत कुणाचं? वडिलांचं. चहा उकळून काळा झाला तरच चहा, हे? केरबाचं. मुलगी शिकली की घर मोडतं, हे? देवळाच्या पारावर पडलेलं सापडलं होतं, मालक ठाऊक नाही, म्हणजे चोरीचं. एकेक मत तो काढून बाजूला ठेवत गेला आणि आतलं भांडं रिकामं होत गेलं. शेवटी तळाशी एकच मत सापडलं, अगदी स्वतःचं, कुणी न दिलेलं.

त्याला पुरण आवडत नव्हतं.

आयुष्यभर त्यानं सणासुदीला पुरण खाल्लं होतं, वाढून घेतलं होतं, 'झ्याक' म्हणाला होता. आणि आवडत नव्हतं. हा शोध लागल्यावर त्याला गच्चीवर एकट्याला इतकं हसू आलं, की खालून अश्लेषानं विचारलं, "बाबा, डोळ्याला त्रास होतोय का?"

"डोळ्याला न्हाई, पोरी," जोतीराम म्हणाला.

दुसरं पुस्तक इतिहासाचं. त्यात लढाया थोड्या आणि प्रश्न फार. लिहिणाऱ्यानं विचारलं होतं, घोड्यावरच्या माणसाचं नाव बखरीत आहे. त्या घोड्याला रोज गवत कापून कोण आणत होतं? तो कुणाचा पूर्वज? जोतीराम चमकला. कवठीवाडीत प्रत्येक घराचा पूर्वज घोड्यावर होता. त्याचा स्वतःचा तर दोन घोडे बाळगून होता. एवढ्या घोड्यांना गवत घालणारे गेले कुठं? का त्यांना पोरंच झाली नाहीत?

तिसरं पुस्तक म्हणजे एक कादंबरी. तिच्याबद्दल पुढं येईलच.

"काय वाटलं?" अश्लेषानं विचारलं.

"चांगलं हाय," जोतीराम सवयीनं म्हणाला. देवाच्या पुस्तकाला आणि पाहुण्याच्या आमटीला तो आजवर हेच म्हणत आलेला.

अश्लेषा हसली. "चांगलं वाटावं म्हणून नाही लिहिलंय ते, बाबा."

हे वाक्य कुसळासारखं त्याच्या पायात रुतलं. खरंच की. आजवर पोथी मिटली की अंगावर शाल घातल्यासारखं वाटायचं. ही पुस्तकं अंगावरची शाल ओढत होती. आणि उघडं पडल्यावर, काय सांगावं, वारा बरा लागत होता. हा वारा एकट्यानं काय खायचा? केरबाला लागला पाहिजे. गावाला लागला पाहिजे. एवढीच एक इच्छा धरून, सुनेची तिन्ही पुस्तकं पिशवीत घालून जोतीराम गावाला आला.

अंबूबाईनं, म्हणजे त्याच्या मंडळींनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. तो उंबरा ओलांडून आत आला, वर बघितलं आणि म्हणाला, "आढ्याला जाळं केवढं झालंय गं!"

अंबूबाईच्या ओठावर ओवी कायम तयार असे. तिनं तवा उतरवता उतरवता म्हटलं:

"सातारी दवाखाना, नवा डोळा आला घरी
पैलं दिसलं बाई, जाळं माज्या आढ्यावरी."

पुढं नागपंचमीला तिनं पुरणाचे दिंड उकडले, तेव्हा जोतीरामानं ताट हळूच सरकवलं. "अंबू, एक सांगू का? मला पुरान आवडत न्हाई."

"कवापासनं?"

"पयल्यापासनं."

अंबूबाई उठलीच. "आवं, पुरान वाटून वाटून माजा खांदा गेला! आन् आता सांगतायसा? कुनी सांगितलं तुमाला आवडत न्हाई म्हनून?"

"कुनीच न्हाई! तेच तर! ते एकटंच माजं हाय!"

अंबूबाईनं ते दिंड गायीला घातले. गायीला आवडले.

देवळात श्रावणाच्या पहिल्या संध्याकाळी जोतीरामानं लाल फडक्यातून नेहमीची पोथी काढलीच नाही. कव्हर गेलेलं पातळ पुस्तक पोथीच्या लाकडी ठवणीवर ठेवलं. नाथाजी आबांनी काही न बघता त्याला हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती लावली. जोतीरामानं समोरच्या तोंडांवरून नजर फिरवली. आता गाव उठणार, आता कल्ला होणार.

त्यानं तोंड उघडलं, आणि घोटाळा झाला. त्या पाटावर बसलं की गळा ओवीची चालच धरायचा. दुसरी वाट त्याला माहीतच नव्हती. "जे तुझंऽ मत म्हणूनी मिरविसीऽ, सांग बापा, देणाराऽ कोण..." असं ते फिरक्या घेत निघालं. समोर माना डोलल्या. आबा पेंगले.

"मतलब काय?" केरबा खाकरला. "तर दुसऱ्याचं ते आपलं म्हनू नये. आता पाण्याचंच घ्या. पाळी एकाची, आन् पाट फोडतो दुसरा..."

खांबाआड कुणीतरी सरकलं.

जोतीरामानं घाईनं पुढचं पान काढलं. 'माझ्या शब्दांपुढे मान झुकवणारा वाचक मला नको. मला तो हवा, जो पान उलटताना दातओठ खाईल.' हेही गाण्यातच निघालं. आणि वाचन थांबल्यावर सगळ्या म्हाताऱ्या एकेक करून आल्या आणि त्या पानावर डोकं टेकवून गेल्या. पानाला कुंकू लागलं. ते नेमकं 'नको' या शब्दावर.

घरी जाताना जोतीराम केरबाला म्हणाला, "गड्या, तुला राग न्हाई आला?"

"कशाचा?"

"तो म्हनतोय तुजी मतं चोरीची हायत."

"मला न्हाई म्हनला तो," केरबा म्हणाला. "पाटकऱ्याला म्हनला."

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी जोतीरामानं ठरवूनच वाचलं, बातम्या वाचतात तसं सपाट. बायांनी एकमेकींकडं बघितलं. घसा बसला वाटतं, म्हणून अंबूबाईकडं काढ्याचा निरोप गेला. त्यानं गवत कापणाऱ्यांचं सगळं पान वाचलं आणि पुस्तकाबाहेर जाऊन स्वतःच विचारलं, "आपल्या गावात सगळेच घोड्यावर. मग घोड्यांना गवत कोन आनत हुतं?"

शांतता झाली. थोडीशीच. पण खरी. जोतीरामाला वाटलं, लागला. वारा लागला.

"मतलब काय?" केरबा म्हणाला. "तर जनावराची निगा राखावी. आता घोडं ऱ्हायलं न्हाई. तर ट्रॅक्टरचं ऑइल येळेवर बदलावं."

"व्हय, बरोबर," आबा झोपेतून म्हणाले.

त्या दिवशी जोतीराम केरबाबरोबर घरी गेला नाही. एकटाच ओढ्याच्या कडेनं गेला. ज्या मित्रानं त्याच्याबरोबर चिंचा चोरल्या होत्या, त्याच मित्राच्या तोंडात कुठलंही पुस्तक घाला, तिकडून ऑइल निघत होतं. त्याला केरबाचा राग आला. रागापेक्षा जास्त एकटं वाटलं. नवा डोळा मिळून उपयोग काय, आपल्याला दिसतं ते शेजारच्याला दाखवता येत नसेल तर?

उरली कादंबरी.

तिची गोष्ट एवढीशी. एक बाई बाजार करून बसनं घरी निघालीय. मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबीर. घर जवळ आलंय. आणि ती एक थांबा आधी उतरते, रस्ता ओलांडते, आणि उलट दिशेच्या बसमध्ये जाऊन बसते. का, ते लेखक सांगत नाही. त्या बाईला नवरा आहे, बरा आहे. सासू आहे, तीही बरी आहे. बस चालत राहते, खिडकीतून गावं जातात, आणि लेखक खुशाल झाडांची वर्णनं करतो.

आबांनी तिलाही न बघता हळद-कुंकू वाहिलं. जोतीरामानं सपाट आवाजात ते पहिलं प्रकरण वाचलं आणि थांबला.

"मतलब काय?" केरबा म्हणाला. आणि थांबला. मिशीवरून हात फिरवला. "पुढं वाच. कारन आलं न्हाई अजून."

"कारन न्हाईच दिलं."

"न्हाई कसं? मारत आसंल नवरा."

"न्हाई मारत. लिवलंय तसं."

"सासू?"

"सासू तिच्यासाठी भाकरी झाकून ठेवती."

"मग उतरली कशाला?" केरबाचा आवाज चढला. "ही काय रीत झाली? आन् ती कोथिंबीर? कोथिंबीर वाळंल की!"

बायांच्या अंगाला कुणीतरी खुदकन हसलं. श्रावणातल्या पोथीत त्या बाजूनं आजवर कधी आवाज आला नव्हता. केरबानं तिकडं बघितलं. तिथं त्याची बायको शकुंतला बसली होती, खाली मान घालून वात वळत. तिची वात नेहमीपेक्षा लांब झाली होती.

दुसऱ्या दिवशी तासगावचा बाजार. शकुंतला सकाळच्या एसटीनं गेली. ती दर बाजाराला जायची, संध्याकाळी यायची. केरबाला कधी त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी दुपारपासून त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं. तो गावच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. मग हवालदाराच्या डोक्यात आलं: धोका हितं न्हाई. धोका एक थांबा आधी हाय.

आधीचा थांबा म्हणजे ओढ्यावरची बाभूळ. केरबा तिथं चालत गेला, तर तिथं आधीच तिघंचौघं. एकजण ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत होता. एकानं म्हैस आणली होती. एकजण नुसताच आकाश बघत होता. जोतीरामही होता, अंबूबाईसुद्धा बाजाराला गेली होती.

"तू कशाला रं?" केरबानं विचारलं.

"असाच. पाय मोकळं कराय," जोतीराम म्हणाला. "आन् तू?"

"मीबी पायच."

कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. म्हशीनं तेवढं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं.

एसटी आली. हात कुणी केला नाही, ती थांबणारही नव्हती. पण शकुंतलेनं खिडकीतून बाहेर बघितलं, तर बाभळीखाली आपला नवरा, अटेन्शनमध्ये उभा, आणि आजूबाजूला गावातले बाप्ये गंभीर तोंडं करून. कोण गेलं? ती ओरडली, "गाडी थांबवा!" तिच्यामागं अंबूबाई उठली, तिच्यामागं बाकीच्या. पिशव्या, पाट्या, छत्र्या सावरत सगळ्या बायका भराभरा खाली उतरल्या.

"आज आख्खं गाव हितंच उतरतंय का?" कंडक्टर म्हणाला, आणि घंटी मारून गाडी रिकामी घेऊन गेला.

केरबा म्हशीला वळसा घालून पुढं आला. "उतरलीस?" तो म्हणाला. "अखेर उतरलीस?"

"काय झालं? कुनाचं काय झालं?"

"तू आधी सांग, हितं का उतरलीस?"

"तुमी दिसला म्हनून! तुमी हितं का उभं?"

"तू हितं उतरतीस का बघाय!"

शकुंतलेनं कपाळावर हात मारला. अंबूबाई जोतीरामाकडं नुसती बघत राहिली. तिच्या ओठावर ओवी येऊन थांबलीय हे त्याला स्पष्ट दिसलं, आणि नवा डोळा झाल्याचा त्याला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला.

मग सगळी वरात गावाकडं चालत निघाली. बाप्ये पुढं, बाया मागं, अशी सुरुवात झाली. पण पिशव्या जड होत्या, आणि पुढच्यांना मागं येऊन त्या घ्याव्या लागल्या. केरबा शकुंतलेची पिशवी घेऊन तिच्या बरोबरीनं चालला. लग्नानंतर देवदर्शनाला गेली होती, त्यानंतर ती दोघं अशी रस्त्यानं एका ओळीत चालली नव्हती. आणि पिशवीत वरच कोथिंबिरीची जुडी होती. केरबानं ती बघितली आणि रुमाल ओला करून तिच्यावर घातला. बाभळीपासून गावापर्यंत वाट तशी थोडीच, पण दोन्हीकडं बागांना कोवळी पानं, आणि पानांवर उतरतं ऊन. चालायला बरं वाटावं अशी संध्याकाळ होती.

पण हसं झालं ते झालंच. कंडक्टरनं तासगाव डेपोत सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीबरोबर ते परत गावात आलं. केरबा तडक नाथाजी आबांकडं गेला. संध्याकाळी आबांनी देवळात पंचांसारखं बसून सांगितलं, "जोतीराम, तुजा आवाज देवाचा हाय. पन पोथीच्या पाटावर असलं चालायचं न्हाई. ज्या पोथीचा अर्थ लागत न्हाई ती पोथी कशाची? उद्यापासनं पेन ड्राइव्ह लावू. स्पीकर हायच."

जोतीरामाला वाटलं, कुणीतरी गळाच कापून नेला. बापाचा पाट. बापाचा आवाज. आता तिथं एक काडेपेटीएवढी वस्तू बसणार, आणि तिला मोतीबिंदूही होणार नाही. माफी मागावी, लाल फडकं सोडून जुनी पोथी काढावी, सगळं मागं फिरवावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. त्यानं केरबाकडं बघितलं.

"केरबा, तू सांग," आबा म्हणाले. "तक्रार तुजी."

केरबा उभा राहिला. मिशी ओढली. "बंद करा," तो म्हणाला. "सरळ बंद करा. असल्या पुस्तकानं मानसाची झोप जाती." तो खाली बसला. परत उभा राहिला. "फकस्त ते एक तेवढं संपू द्या."

"आं?"

"आवं आबा, ती बाई बसमधी हाय अजून! तिला तिथंच सोडून पेन ड्राइव्ह लावायचा व्हय? आमच्या ड्यूटीत आसं करत न्हाईत. मानूस बाहेर आसंल तर पहाऱ्याचं नाकं बंद करत न्हाईत."

बायांच्या बाजूनं आवाज आला, "व्हय, संपू द्या." मग आणखी एक. आबांनी बघितलं, आज सगळे जागे होते. स्वतः आबासुद्धा.

मग रोज जोतीराम वाचू लागला. गाऊन नाही आणि बातमीसारखं सपाटही नाही. आपोआप तिसराच एक आवाज लागला, शेजारी बसलेल्याला हळू सांगावं तसा. केरबा रोज 'मतलब काय?' म्हणायचा, पण आता ते तो दुसऱ्यांना विचारायचा. आणि उत्तरं यायची! कुणी म्हणे ती रागावलीय. कुणी म्हणे तिला माहेर नाही, म्हणून ती नुसती फिरून घेतेय. पाटकरी म्हणाला, ती चुकून उतरली आणि आता लाजंपायी परत जात नाही. त्यावर दोघं हातघाईवर आले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, लेखकालाच माहीत नसंल. त्यावर तर फारच वाद झाला. अंबूबाई एकदा म्हणाली, "कटाळली आसंल. पुरान वाटून." आणि जोतीरामानं पान उलटताना उगीच दोन पानं उलटली.

शेवटच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बस शेवटच्या थांब्यावर आली. बाई उतरली. तिथं एक नळ होता. तिनं पिशवीतली कोथिंबीर काढली, तिच्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं, पिशवीत परत ठेवली. आणि पुस्तक संपलं.

"पुढं?" केरबा म्हणाला.

"संपलं."

"परत गेली का न्हाई?"

जोतीरामानं पुस्तक त्याच्यापुढं धरलं. कोरं पान. केरबानं ते उलटूनपालटून बघितलं, उजेडाकडं धरलं. सगळं देऊळ त्याच्याकडं बघत होतं, मतलबाची वाट बघत. केरबानं खाकरायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"मला न्हाई कळलं," तो म्हणाला. मग एकदम तोंड लाल करून, "ह्यो लिवनारा चुकलाय! मानसाला आसं वाऱ्यावर सोडत्यात व्हय? कुनी अधिकार दिला ह्याला? माजी झोप खाल्ली ह्यानं, सगळा श्रावन खाल्ला!" आणि पुस्तक ठवणीवर आपटत त्यानं दातओठ खाल्ले.

जोतीराम त्याच्याकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत केरबानं कुठल्याही पुस्तकाला चूक म्हटलं नव्हतं; म्हणण्याइतकं ते त्याच्या घरात कधी शिरलंच नव्हतं. जोतीरामाला वाटलं, उठून याला मिठी मारावी. पण केरबा इतका चिडला होता, की मिठी मारली असती तर त्यानं ढकलून दिली असती.

"मला कळलं," शकुंतला म्हणाली.

सगळं देऊळ वळलं. शकुंतलेनं वळलेल्या वाती डबीत भरल्या, डबीचं झाकण लावलं, पदर खोचला.

"काय कळलं?" केरबा.

"दूध तापवायचं ऱ्हायलंय," म्हणून ती पायऱ्या उतरली.

केरबानं चप्पल घातली, एक आपली, एक आबांची, आणि तिच्यामागं निघाला. नाथाजी आबांनी उरलेली चप्पल बघितली, जोतीरामाकडं बघितलं, आणि ठवणीवरच्या पुस्तकाला सवयीनं हात जोडता जोडता मधेच थांबले. हात तसेच अर्धवट राहिले.

"सूनबाईकडं अजून हायत का रं आसली?" त्यांनी विचारलं. "न्हाई, झोप काय, घरी बी लागती."

"कपाट भरून हायत."

"मग पेन ड्राइव्ह ऱ्हाऊ दे पोरांच्या वरातीला."

जोतीरामानं पुस्तक लाल फडक्यात बांधायला घेतलं, मग तसंच काखेत मारलं. अश्लेषाला ते परत द्यायचं होतं, आणि त्याला हळद लागली होती, कुंकू लागलं होतं, आणि एका पानावर केरबाचा अंगठा. काय सांगायचं तिला? बाहेर अंधार पडू लागला होता. अंबूबाई पायरीवर त्याची वाट बघत थांबली होती. दोघं गल्लीनं निघाली. पुढं वळणावरून केरबाचा आवाज येत होता, कधी दमात घेतल्यासारखा, कधी विनवल्यासारखा.

"अगं सांग की! आता सांग. बरं, नुसतं एवढं सांग, परत गेली का न्हाई?"

आणि शकुंतला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, कारण अंबूबाई मोठ्यानं हसत होती.